भेटायचं ठरलं, पण कुठे?

नमस्कार, श्रोतेहो.

दिवाळी सरली की आपल्याकडे मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. दहावीच्या वर्गाची गाठभेट, कुलसंमेलन, पतसंस्थेचं शिबिर, एखाद्या संघटनेचं अधिवेशन. तारखेवर एकमत होतं, कुरकुरत का होईना वर्गणीवरही होतं. घोडं अडतं ते जागेवर. मग ग्रुपवर कुणीतरी रिसॉर्टच्या निळ्याशार पोहण्याच्या तलावाचा फोटो टाकतो, त्याखाली धडाधड अंगठे येतात आणि जागा ठरूनच जाते. माझं म्हणणं एवढंच आहे की तो फोटो सगळ्यात शेवटी बघावा. आधी येणाऱ्यांची यादी समोर घ्यावी.

यादीत नावापुढे गाव लिहा आणि अंदाजे वयही लिहा. निम्मे पुण्या-मुंबईचे, काही नागपूर-अमरावतीचे, दोघं-चौघं बेळगावकडचे अशी ती यादी असली, तर मुंबईकरांना जवळचं म्हणून लोणावळा धरणं हा सरळसरळ अन्याय आहे. नागपूरकर एक रात्र गाडीत काढणार आणि मुंबईकर तास-दोन तासांत पोचून वर उशीर झाला म्हणून कुरकुरणार! देशभरातून माणसं यायची असतील तर वर्धा-सेवाग्रामचा विचार जरूर करा. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग त्या परिसरातून जातात. बापू कुटीच्या अंगणात तासभर बसलं की गटातली बडबडी माणसंही जरा हळू बोलू लागतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव असा गोतावळा असेल तर मिरज जंक्शन सगळ्यांच्या हाताशी आहे. तिथे उतरून पुढे पन्हाळ्याला जाता येतं.

आता वयाचं बघा. माथेरान मला स्वतःला फार आवडतं. पण दस्तुरी नाक्याला मोटार थांबते, पुढे मोटारींना बंदी. नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकावरून छोट्या गाडीची शटल मिळाली तर उत्तम, नाहीतर घोडा, रिक्षा किंवा आपले पाय. पंचविशीतल्या मंडळींना यातच मजा वाटते. पण तुमच्याबरोबर गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मावशी आहेत, बॅनरची गुंडाळी आहे, साउंडवाल्याचा स्पीकर आहे आणि स्मृतिचिन्हांची चार खोकी आहेत. ती खोकी हमालाच्या डोक्यावरून लाल मातीच्या रस्त्याने हॉटेलपर्यंत जाणार, आणि मागून तुम्ही काच फुटली तर नाही ना म्हणत चालणार. अशा मेळाव्याला माथेरान नको. त्याच माणसांना घेऊन दोन दिवस नुसतं भटकायला जा, खुशाल जा.

ऋतूचं काही नवीन सांगायला नको, तरी दरवर्षी कुणीतरी जुलैत महाबळेश्वर ठरवतंच. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच दिवसांत. पॉइंट बघायला जावं तर समोर नुसतं पांढरं धुकं. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँचही बंद असतात, आणि कोकण रेल्वेचं वेळापत्रक निराळं असतं, गाड्या सावकाश चालतात. अलिबाग काय किंवा गणपतीपुळे काय, ऑक्टोबरनंतर धरलेलं बरं.

गणपतीपुळ्याचं नाव आलंच आहे तर सांगतो, कुलसंमेलनासाठी ती जागा मला जवळजवळ आदर्श वाटते. आजी-आजोबांना देवदर्शन, मुलांना वाळू, आणि आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी तासाभराच्या आत. फक्त तिथला समुद्र पोहण्याचा नाही. पाण्याला ओढ आहे, माणसं बुडाली आहेत. तेव्हा मुलांवर लक्ष ठेवणारी दोन जबाबदार माणसं आधीच नेमा. ऐनवेळी सगळेच काका गप्पांत रंगतात.

जागा ठरली म्हणजे ती तशीच मिळेल असंही नाही. 1885 साली काँग्रेसचं पहिलं अधिवेशन पुण्यात भरायचं होतं. डिसेंबरअखेरची तारीखही विचार करून धरलेली. नाताळच्या सुटीत कोर्टं बंद, म्हणजे वकील मंडळी मोकळी. पुणेकरांची तयारी चालू होती, आणि शहरात कॉलऱ्याची साथ आली. अखेर बैठक मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात हलवली. 28 डिसेंबरला तिथे 72 प्रतिनिधी जमले. तारीख राहिली, शहर बदललं. हे जमलं कशामुळे, तर मुंबईत माणसं होती, रेल्वे होती आणि सुटीमुळे रिकामं असलेलं कॉलेज होतं. तुमच्या मेळाव्यालाही अशी एक हाताशी असलेली दुसरी जागा मनात असू द्या. सुटीतली शाळा किंवा कॉलेज आजही बरेचदा स्वस्तात मिळतं. दिखाऊ नसतं, पण फळा असतो, बाकं असतात आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

याच काँग्रेसने 1936 च्या डिसेंबरात उलटं धाडस केलं. सोयीची शहरं सोडून पहिल्यांदाच अधिवेशन खेड्यात घेतलं, आपल्या खानदेशातल्या फैजपूरला. गांधीजींचा तसा आग्रह होता. जी संघटना खेड्यांसाठी बोलते तिने खेड्यात जमावं, ही त्यामागची भूमिका. पण खेड्यात सभागृह कुठलं? म्हणून गावाबाहेर तिलकनगर उभारलं. त्याच्या सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले. संगमरवर नाही, मखमल नाही. बांबू, चटया, आसपास जे मिळेल तेच घेऊन त्यांनी नगर सजवलं, आणि गांधीजींनी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली. साने गुरुजींनी तर या अधिवेशनासाठी खानदेशातली गावं पालथी घातली होती. अडचणी नसतील असं नाही. पण ज्या शेतकऱ्याला शहरातल्या मंडपात कुणी बोलावलं नसतं, तो चालत, बैलगाडी जुंपून तिथे आला. त्याच्यासाठीच तर ती जागा निवडली होती. पुढच्याच अधिवेशनात, 1938 च्या फेब्रुवारीत, गुजरातेत हरिपुऱ्याला हाच पायंडा पुढे चालला.

म्हणजे गैरसोयीची जागाही निवडावी, फक्त तिला सबळ कारण हवं. 2015 साली मराठी साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमानला भरलं. केवढा लांबचा पल्ला! पण तिथे संत नामदेवांचं वास्तव्य होतं, तिथले लोक त्यांना आपले मानतात, मग मराठी माणूस कुरकुर न करता गाडीत बसला. नुसतं ‘छान हवा आहे’ म्हणून कुणी इतक्या लांब आलं असतं का? मला नाही वाटत.

आपल्या छोट्या मेळाव्यांनाही असं कारण शोधता येतं. मुंबईकरांसाठी घोलवड-बोर्डीचं उदाहरण घ्या. पश्चिम रेल्वेवर स्टेशन आहे, शांत किनारा आहे आणि घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. सगळ्यांनी मिळून वाडीत फिरायचं, झाडाखाली जेवायचं. हॉलमध्ये ओळखपरेड करून जे जमत नाही ते वाडीतल्या दोन तासांत जमतं. गोव्यात मात्र मोठा गट नेताना मी दहादा विचार करीन. जागा सुंदर आहेत, त्यात वादच नाही, पण पहिल्या चहानंतर निम्मी माणसं किनाऱ्यावर पांगतात आणि ठराव मांडायला गणपूर्ती होत नाही!

एवढं सगळं झालं की मग तो फोटो बघा, आणि लगेच दोघं जण प्रत्यक्ष जाऊन या. शक्यतो शनिवारी जा, म्हणजे गर्दीतली खरी तऱ्हा कळते. तिथेच थाळी मागवून जेवा. हॉल वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्ट चालू आहे का, हे वर चढायच्या आत विचारा. कमोडची सोय किती खोल्यांत आहे, वीज गेली तर जनरेटरवर पंखे चालतात की नुसते दिवे, अनामत परत मिळायची अट काय, हे सगळं कागदावर घ्या. मॅनेजर तोंडी सगळ्यालाच हो म्हणतो. आणि निघण्यापूर्वी पंचांग उघडून लग्नाच्या तारखा बघा. त्या दिवशी मुहूर्त असेल तर हॉलचं भाडं चढलेलं असेल, ते एक वेळ परवडेल. पण शेजारच्या लॉनवर आदल्या रात्री कुणाची हळद आहे का आणि डीजे किती वाजेपर्यंत चालतो, तेवढं विचारूनच पैसे भरा.

नमस्कार.