जांबोटीच्या रानातली रात्र

[दृश्य : बेळगाव–चोर्ला रस्ता, शनिवारची दुपार]

पिरनवाडी मागे पडते, किणये येतं. कुसमळीजवळ मलप्रभेवरचा पूल ओलांडला की झाडी दाट होत जाते आणि थोड्याच वेळात जांबोटी येते. रस्त्यावर बेळगावच्या गाड्या असतात, तशा हुबळी-धारवाडच्या आणि गोव्याच्याही. डिकीत गुंडाळलेले तंबू, कोळशाची पोती आणि पुष्कळदा एक मोठा स्पीकर.

रानात रात्र काढणं जांबोटीच्या खानापूर तालुक्याला नवं नाही. भात पोसवलं की रानडुकरं आणि गवे शिवारात उतरतात. मग घरातला एक जण शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसून राखण करतो, डबा बडवतो, हाका घालतो, उजाडेपर्यंत जागा राहतो. त्याच शिवारात आता शहरातली माणसं पैसे देऊन झोपायला येतात. यात वाईट काहीच नाही. उलट, नीट केलं तर गावाचं भलं आहे.

[दृश्य : कापणी झालेली खाचरं, त्यात चार तंबू]

सुगी संपली की खाचरं मोकळी होतात. जमीन सपाट, दगड वेचलेली. तंबूला याहून चांगली जागा कुठली? फक्त ओढ्याकाठच्या खोलगट खाचरात तो ठोकू नये. थंड हवा जड असते, ती उतारावरून खाली येऊन तिथेच साठते. दोन बांध वर गेलात तरी गारठ्यातला फरक कळतो. थंडी वाजते म्हणून तंबूच्या सगळ्या फटी बंद करणंही चुकीचं. आतल्यांच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमते आणि पहाटे अंथरूण ओलं होतं. वरची जाळी उघडी ठेवायची, पांघरूण एक जास्त घ्यायचं. आणि शेगडी काही झालं तरी तंबूत न्यायची नाही. कोंडलेल्या जागेत कोळशाचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

ज्यांना एवढी यातायात नको, त्यांच्यासाठी ग्लॅम्पिंग. चौथऱ्यावर पक्का तंबू, आत पलंग, गरम पाणी, लागूनच संडास-बाथरूम. म्हाताऱ्या आई-वडिलांना किंवा लहान पोरांना घेऊन येणाऱ्यांची मोठी सोय होते. पण चौथरा आला की सांडपाणी आलं, आणि इथे मला थांबावंसं वाटतं.

[दृश्य : कणकुंबी, मलप्रभेचं उगमस्थान]

मलप्रभा कणकुंबीत उगम पावते आणि पूर्वेला वाहत जाते. पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला ती अडवली आहे आणि तिथलं पाणी हुबळी-धारवाडला प्यायला जातं. म्हणजे शनिवारी धारवाडहून इथे आलेला पाहुणा स्वतःच्याच नळाच्या उगमाशी राहतो. जांबोटी-चोर्ला पट्ट्यात जागोजागी जांभा खडक आहे, सच्छिद्र. शोषखड्डा घाईघाईने खणला की त्यातली घाण खालच्या विहिरीत आणि ओढ्यात उतरायला वेळ लागत नाही. बुकिंग करताना आपण पलंगाचा फोटो बघतो. सांडपाणी कुठे जातं, हे त्याआधी विचारायला हवं.

[दृश्य : रात्र. दिवे बंद]

या रानाची खरी श्रीमंती अंधारात आहे. पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, काजवे निघतात. नर उडत उडत लुकलुकतो आणि खाली बसलेली मादी त्याला उजेडानेच उत्तर देते. झाडांना बल्बच्या माळा लावल्या की ही खूण दिसेनाशी होते, जोड्या जुळत नाहीत आणि पुढच्या वर्षीचे काजवे घटतात. शेजारच्या भीमगडच्या रानात बारापेडे गुहा आहेत. तिथल्या एका वटवाघळाची शास्त्रीय नोंद १९१३ साली झाली. नाव रॉटन या इंग्रज वनअधिकारी-अभ्यासकावरून पडलं. पुढे कितीतरी वर्षं ही जात जगात फक्त याच गुहांमध्ये माहीत होती. अशा जिवांच्या शेजारी रात्री बारापर्यंत स्पीकर लावायचा, हे मला मुळीच पटत नाही.

भीमगड २०११ साली अभयारण्य झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. आत परवानगीशिवाय मुक्काम चालत नाही आणि रानाला धोका होईल अशी शेकोटी पेटवणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. म्हणून कॅम्पवाल्याला आधी विचारा : जागा मालकीची की वनखात्याची? मालकीची असली तरी हे अस्वलांचं रान आहे. उरलेलं अन्न तंबूबाहेर टाकू नका आणि अंधार पडल्यावर एकट्याने ओढ्याकडे जाऊ नका.

[दृश्य : चुलीवर भाकरी]

शेवटची गोष्ट पैशाची. इथली तरुण पोरं गोव्याला किंवा बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला जातात. गावात म्हातारी माणसं उरतात. बाहेरच्या कंपनीने जमीन विकत घेऊन कॅम्प काढला, तर गावच्या वाट्याला फार तर झाडलोटीचं काम येतं. तोच तंबू शेतकऱ्याने स्वतःच्या खाचरात उभा केला, तर भाडं त्याचं, नाचणीच्या भाकरीचे आणि कुळथाच्या आमटीचे पैसे त्याच्या घरच्या बाईचे, आणि जमीन सातबाऱ्यावर घरचीच. वळवाच्या सरी पडून गेल्या की तंबू काढायचे, खुंट्यांची भोकं बुजवायची, नांगर घालायचा आणि धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधीच्या कोरड्या मातीत, भात पेरायचं.