श्रावण सुटला, खुर्ची भरली

[दृश्य: कणकवली. पावसाची भुरभुर. सलूनचं अर्धं उघडं शटर.]

श्रावण अमावास्येला संपतो आणि चतुर्थीला गणपती येतात. मधे दिवस जेमतेम तीन. श्रावणात केसाला कात्री नाही, दाढीला ब्लेड नाही, हे पाळणारे आजही कमी नाहीत. मुंबईत राहून पाळणारे तर गाववाल्यांपेक्षा कडक. रात्रीच्या गाडीने आलेला चाकरमानी पिशव्या घरात टाकतो आणि माटवी, म्हणजे गणपतीवरचा फळापानांचा मांडव, बांधायच्या आधी इथे येऊन बसतो. 'सोमवार बंद'ची पाटी या आठवड्यात भिंतीकडे तोंड करून आहे.

[दृश्य: हातातला मोबाईल, मग आरसा.]

खुर्चीतल्या पोराने कोरियन नटाचा फोटो आणलाय. बाजू बारीक, कपाळावर सरळ झुलपं. कोरियन माणसाचा केस जाड, आडवा छेद गोलसर, म्हणून तो सरळ पडतो. आपल्याकडचा बराचसा केस बारीक, थोडा वळणाचा. त्यात ही हवा! ड्रायरने सरळ केलेला केस ओलावा पितो, आतले हायड्रोजनचे बंध सुटून पुन्हा जुळतात आणि वळण परत येतं. मुंबईत तर लोकलच्या दारातच. सलूनवाले काका फोटो बघतात, मान हलवतात आणि वळण राखून कापायला घेतात. आम्हाला तरी काकांचंच पटलं.

फेडचा, म्हणजे बाजूला खाली बारीक आणि वर हळूहळू लांब होत जाणाऱ्या कटचा, हिशेब वेगळा. मशीनचा 1 नंबर म्हणजे साधारण 3 मिलिमीटर. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, म्हणजे पंधरा दिवसांत ते 3 चे 8 होतात. शेडिंग गेलं. ज्याला फक्त रविवार मोकळा आणि रविवारीच सलूनमध्ये रांग, त्याने 3 नंबर मारावा, 10 मिलिमीटरच्या आसपास. महिना निघतो.

[दृश्य: ओला टॉवेल. दारातल्या खुंटीवर हेल्मेट.]

हेल्मेट, घाम, नीट न वाळलेलं डोकं. मग कोंडा. टाळू कोरडी पडली असं समजून आई वाटीभर खोबरेल चोळते. पण कोंड्यामागची मॅलॅसेझिया नावाची बुरशी टाळूच्या तेलावरच जगते. खोबरेलाचा दोष नाही. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं, केस कमी तुटतो. केसाला लावा, कोंडा असेतोवर टाळूला नको. औषधाच्या दुकानातला किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, आणि तीन ते पाच मिनिटं डोक्यावर तसाच. घाईवाले इथेच चुकतात.

"लावतंस काय लगेच धुतंस, मगे कोंडो जातलो कसो?"

पोरगा आरशात बघून हसतो.

[दृश्य: अंधार.]

लाईट गेली. पोराची डावी बाजू झालीय, उजवी अजून श्रावणातली. बाकावर चौघे थांबलेत. काका मशीन ठेवतात, कंगवा-कात्री घेतात, खुर्ची दारातल्या उजेडाकडे वळवतात.

"हलू नको हां."