खुर्ची आडवी होण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

दाताच्या दवाखान्यात पेशंट खुर्चीत आडवा झाला आणि तोंडात लाळ ओढणारी नळी आली, की त्याचं बोलणं संपलं. म्हणून जे विचारायचं ते खुर्ची सरळ असतानाच विचारून घ्यावं, आणि डॉक्टरांनीही तेव्हाच सांगावं.

काय सांगावं? एक्स-रे समोर धरून कीड कुठवर गेली आहे ते दाखवावं. ती दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली नसेल तर बहुतेकदा दात भरून भागतं. पोचली असेल तर रूट कॅनाल, नाहीतर दात काढणं. कशाला किती खेपा, किती खर्च, आणि सध्या काहीच केलं नाही तर काय होईल, हेही कळायला हवं. खर्चाचा अंदाज लिहून मागायला लाजू नका. रूट कॅनालचा आकडा आधी सांगायचा आणि नंतर दातावर बसवायच्या कॅपचा काम झाल्यावर काढायचा, हे मला बिलकूल पटत नाही.

आपणही काही लपवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, गरोदरपण, हाडं ठिसूळ होतात म्हणून चालू असलेली औषधं, एखाद्या औषधाची ॲलर्जी, हे विचारलं नाही तरी सांगा. फक्त गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

काम चालू असताना दुखलं तर हात वर करायचा आणि डॉक्टरांनी थांबायचं, एवढं आधी ठरलं की निम्मी भीती जाते.

खरी पंचाईत होते ती घरी आल्यावर. दाढ काढली, तोंड बधिर, डोकं सुन्न. अशा वेळी तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून सूचना कागदावर हव्यात: बोळा किती वेळ दाबून धरायचा, पहिले 24 तास खळखळून चूळ भरायची नाही, सिगारेट ओढायची नाही. आणि मुख्य म्हणजे, कशाला घाबरायचं नाही आणि कशाला घाबरायचं. थुंकीत थोडं रक्त दिसणं साधं. पण दुखणं कमी होण्याऐवजी दोन-तीन दिवसांनी ठणका वाढला, कळ कानापर्यंत जाऊ लागली, तर जखमेतली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असू शकतं. तेव्हा नुसत्या गोळ्या गिळत बसू नये, दाखवायला जावं.

डॉक्टरांनी मध्यरात्री स्वतः फोन उचलावा, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही. त्यांनाही झोप हवी. पण दवाखाना बंद असताना कुठल्या नंबरवर कळवायचं, ते सुट्टीवर असले तर कोणाकडे जायचं, हे पेशंटला माहीत असलंच पाहिजे. सूज गळ्याकडे उतरली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर फोनची वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

दवाखान्यात फोन घेणाऱ्या माणसालाही थोडी माहिती हवी. पडून मुलाचा पक्का दात अख्खा निखळला, तर "उद्या सकाळची वेळ देते" हे उत्तर नव्हे. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मूळ घासू नका, लगेच जागेवर बसवता येत नसेल तर दुधात ठेवा आणि तसेच निघा, असं तिने सांगायला हवं, कारण पहिला अर्धा-पाऊण तास फार मोलाचा असतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. तरी मुलाला दाखवून आणावं.