निळ्या प्रकाशाची कळ

१९६१ चा उन्हाळा. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचं फ्रायडे हार्बर. ओसामू शिमोमुरा हे जपानी रसायनशास्त्रज्ञ चमकणाऱ्या जेलीफिशचा अर्क काढत होते. दिवसाचं काम आटोपलं, उरलेला अर्क त्यांनी सिंकमध्ये ओतला, आणि सिंक निळं उजळून निघालं. सिंकमध्ये समुद्राचं पाणी येत होतं, आणि त्यात होतं कॅल्शियम.

कॅल्शियम मिळालं की प्रकाश. हेच उलटं करता येईल का? प्रकाश टाकावा आणि पेशीत कॅल्शियम शिरावं?

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला दूध आणि हाडं आठवतात. पेशीला मात्र ते आत फारसं नको असतं. बाहेर जेवढं कॅल्शियम, त्याच्या सुमारे दहा हजारावा हिस्सा आत. बाकीचं ती सतत उपसून बाहेर टाकते, नाहीतर आंतर्द्रव्यजालिका या पेशीतल्याच जाळीदार कोठारात साठवते. म्हणूनच दार किंचित किलकिलं झालं तरी आत केवढी तरी खळबळ उडते. स्नायू आखडतो, स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं, फलित अंडं जागं होतं.

सुरुवातीला रसायनशास्त्रज्ञांनी कॅल्शियम एका रेणूत अडकवून पाहिलं. अतिनील किरण पडले की रेणू तुटतो, कॅल्शियम मोकळं. काम झटपट होतं, पण तुटलेला रेणू पुन्हा जुळत नाही. शिवाय अतिनील किरण पेशीला सोसत नाहीत.

२०१५ मध्ये दक्षिण कोरियातल्या काइस्ट या संस्थेत वॉन डो हो यांच्या गटानं वेगळी वाट धरली. पेशीतला कॅल्शियमचा साठा आटला की स्टिम-१ नावाची प्रथिनं एकत्र येतात आणि पेशीपटलावरची ओराय-१ ही दारं उघडतात. या गटानं स्टिम-१ चा दार उघडणारा तुकडा तेवढा घेतला आणि तो जोडला क्रिप्टोक्रोम-२ ला. हे प्रथिन अरॅबिडॉप्सिसचं, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या एका इवल्या रोपट्याचं. निळा प्रकाश पडला की त्याचे रेणू एकमेकांना बिलगतात, सोबत स्टिमचे तुकडेही, आणि दारं उघडतात. दिवा बंद केला की काही मिनिटांत सगळं पूर्ववत. यातली खरी हुशारी अशी की दारं पेशीची स्वतःचीच. रोपट्याकडून उसनी घेतली ती फक्त कळ.

उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी घडवणाऱ्या भागात, ही कळ बसवून प्रकाशतंतूनं उजेड दिला, तर भीतीची आठवण अधिक पक्की झाली. २०२० मध्ये त्याच गटानं प्रकाशाला सुमारे ५५ पट संवेदनशील असं नवं रूप केलं. आता मेंदूत तंतू खुपसायची गरज उरली नाही. डोक्यावर बाहेरून टाकलेला प्रकाशही पुरला.

माणसांवरच्या उपचारांची चर्चा लगेच सुरू होते, पण ती घाईची आहे. उंदराची कवटी पातळ, आपली जाड, आणि निळा प्रकाश ऊतींत फार खोल जात नाही. त्यात आधी पेशीत परकं जनुक सोडावं लागतं. प्रयोगशाळेत मात्र याचं मोल आजच आहे: बशीतल्या दोन शेजारच्या पेशींपैकी एकीवरच प्रकाशाचा ठिपका टाकायचा, आणि फक्त कॅल्शियममुळे नेमकं काय बदलतं ते दुसरीशी ताडून पाहायचं.