मागच्या चाकातून खरखर? बेअरिंग बदलायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी! ब्रेकच्या व्हिडिओखाली, टायरच्या व्हिडिओखाली, अगदी वायपर बदलायच्या व्हिडिओखालीसुद्धा एकच प्रश्न येतोय: "ताई, मागच्या चाकातून घासल्यासारखा आवाज येतो, काय असेल?" बस, एवढंच. ब्रेक दाबल्यावर येतो की न दाबता, हळू जाताना की वेगात, काही पत्ता नाही. आणि त्याखाली लगेच चार जण हजर: "बेअरिंग गेलंय." निकाल जाहीर! (बेअरिंग म्हणजे चाक ज्यावर सुरळीत फिरतं ती छर्रे किंवा रोलर असलेली कडी.)

आज मला या बेअरिंगवाल्यांशी थोडं भांडायचंय.

आवाज कसा येतो, हे सगळे अगदी रंगवून सांगतात. खर्रर्र, घूंऽऽ, कर्र-कर्र. एकाने तर दोन ओळी भरून नुसतं "घर्रर्रर्र" लिहिलंय. मजा आली वाचून, पण उपयोग शून्य. मला हवंय ते "केव्हा". आवाज केव्हा सुरू होतो, केव्हा थांबतो आणि तुम्ही काय केल्यावर बदलतो. आणि हो, फोनवर रेकॉर्ड करून पाठवू नका. फोनचा माइक बोलणं टिपायला बनवलेला असतो, खालच्या पट्टीतली घरघर तो निम्मी खाऊन टाकतो. उरतं ते वाऱ्याचं फुरफुरणं.

बेसिक गोष्टी भराभर उरकते. रिमच्या फटीतून आत बघा. चकचकीत गोल तबकडी दिसली तर डिस्क ब्रेक, बंद लोखंडी डबा दिसला तर ड्रम. गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असेल तर मागची चाकं नुसती फिरतात, तिथे ब्रेक, बेअरिंग आणि टायर सोडून फारसं काही नाही. मागच्या चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर त्यात डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा) आणि प्रॉपेलर शाफ्टची (पुढून तिथवर ताकद नेणारा लांब दांडा) भर घाला.

पुढे जायच्या आधी डिकी रिकामी करा. हसू नका. माझ्या काकांनी मागून खरखर येते म्हणून ब्रेक उघडायची तयारी केली होती, आणि निघालं काय, तर स्टेपनीखालच्या खळग्यात जॅक सुटा पडलेला. दर वळणावर पत्र्याला घासत जायचा. त्यामुळे जॅक, पाना, बाटल्या, सगळं बाहेर काढा. मागची सीट नीट लॉक झालीय का तेही बघून घ्या.

आता एक चक्कर मारायची. गाणी बंद, एसीचा पंखा बंद, काचा खाली. जमलं तर मागच्या सीटवर कुणाला तरी बसवा, कारण आवाज बॉडीच्या पत्र्यातून फिरून येतो आणि पुढच्या चाकाचा आवाजही मागून आल्यासारखा वाटू शकतो. लांबलचक भिंतीच्या कडेने हळू जा. त्या बाजूचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो, स्पष्ट ऐकू येतो. मग उलट्या दिशेने या, म्हणजे दुसरी बाजू भिंतीकडे येईल.

पहिला "केव्हा": ब्रेक दाबल्यावर. ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, सोडला की बंद किंवा कमी? मग लायनर (ड्रममध्ये घासणारं अस्तर) किंवा पॅड (डिस्कला दाबून धरणारे) संपलेत हा पहिला संशय. आधी नुसती बारीक चीं-चीं येत असेल तर बऱ्याच पॅडवर जाणूनबुजून दिलेली पत्र्याची पट्टी तुम्हाला सावध करत असते. तिकडे दुर्लक्ष केलं की चीं-चींची खर्रर्र होते, आणि मग पॅडबरोबर डिस्कही जाते. पण रात्रभर पाऊस पडला, गाडी बाहेर उभी होती आणि सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना खरखर होऊन थांबली, तर तो वरवरचा गंज आहे. घासून निघून जातो.

मागचं की पुढचं कळत नसेल तर हँडब्रेक वापरा. दांड्याचा हँडब्रेक असेल तरच हं, बटणाच्या इलेक्ट्रिक ब्रेकवर हा प्रयोग करायचा नाही. मोकळी, कोरडी, सरळ जागा बघा. 15-20 च्या वेगात दांड्याचं बटण दाबून धरा आणि अगदी हलकं ओढा. जवळपास सगळ्या गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. ओढल्यावर आवाज बदलला की समजा, मागच्या ब्रेकमध्येच काहीतरी आहे. यात एक गंमत आहे. मागे डिस्क असलेल्या काही गाड्यांत हँडब्रेकसाठी डिस्कच्या मधल्या टोपीत छोटा ड्रम आणि छोटे शू (लायनर लावलेल्या कमानी) असतात. लोक पॅड बघतात, पॅड छान, आणि डोकं खाजवत बसतात. खरखर त्या टोपीतून येत असते.

दुसरा "केव्हा": वेगाबरोबर. ब्रेकशी संबंध नाही, वेग वाढला की घरघर वाढते. मग गाडी न्यूट्रलमध्ये टाका आणि तशीच पळू द्या. इंजिन चालूच ठेवायचं! बंद केलं तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकच्या बूस्टरची (पेडल दाबायला मदत करणारा) मदत थोड्याच दाबांत संपते. न्यूट्रलमध्येही तीच घरघर राहिली तर ती चाकाच्या वेगाची आहे, म्हणजे बेअरिंग किंवा टायर. ॲक्सिलरेटर दिल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा असेल, आणि गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल, तर डिफरेन्शियलकडे बघा. त्यातलं तेल आधी तपासा.

तिसरा "केव्हा" हा आजचा खरा मुद्दा. वळताना. इथे निम्मे लोक उलटं चाक उघडतात, म्हणून सावकाश सांगते.

गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या बाजूच्या चाकांवर जातं. बेअरिंगवर भार वाढला की खराब बेअरिंग जास्त ओरडतं. म्हणून डावीकडे वळताना आवाज वाढला तर संशय उजव्या चाकावर. उजवीकडे वळताना वाढला तर डाव्यावर. उलट बाजू!

नाही पटत? बसमध्ये उभे असता, बस डावीकडे वळली की तुम्ही कुठे झुकता? उजवीकडे. गाडीचं वजन तसंच झुकतं.

करायचं कसं? चौकात 90 अंशात वळून काही कळत नाही, वेगच नसतो. मोकळा रुंद रस्ता हवा, आगेमागे कुणी नको. 40-50 च्या वेगात गाडी हलकेच डावीकडे, हलकेच उजवीकडे, अशी लांबट नागमोडी न्यायची. झटके द्यायचे नाहीत. एका बाजूला घरघर वाढते, दुसऱ्या बाजूला जवळजवळ गप्प होते. एकाने लिहिलंय, "ताई, डावीकडे वळताना आवाज येतो म्हणून डावं बेअरिंग बदललं, आवाज तसाच." अहो, तसाच राहणार! उजवं तसंच बसलंय ना आत. बेअरिंगच्या रचनेमुळे कधीकधी ही खूण फसवतेसुद्धा, म्हणून नुसत्या वळणावर फैसला करायचा नाही, जॅकवर खात्री करायची. पण पहिला अंदाज बांधताना बाजू उलटी, एवढं डोक्यात ठेवा.

चौथा "केव्हा": रस्ता बदलल्यावर. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत रस्त्यावर आलात आणि घरघर एकदम उतरली, तर टायर. बेअरिंगला रस्त्याचं काही देणंघेणं नसतं. टायर हातानेच तपासा. गाडी उभी असताना तळवा टायरच्या नक्षीवरून एकदा पुढे फिरवा, एकदा मागे. एका दिशेला सुळकन जातो आणि दुसऱ्या दिशेला करवतीच्या दातांसारखं अडकतं? तेच दात रस्त्यावर घूंऽऽ करतात. मागच्या टायरवर हे जास्त होतं, विशेषतः टायरची अदलाबदल वेळेवर केली नाही किंवा शॉकॲब्सॉर्बर कमजोर झाला तर. माझ्या मैत्रिणीच्या गाडीची मागची दोन्ही बेअरिंगं एका गॅरेजने बदलली. आवाज जिथल्या तिथे! मी म्हटलं, पुढचे टायर मागे टाक आणि मागचे पुढे. घरघर टायरबरोबर पुढे गेली. नवीकोरी बेअरिंगं आपली गप्प मागे बसलीत. म्हणून माझं बेअरिंगवाल्यांशी भांडण आहे.

आता जॅक. इथे जरा दम देऊनच बोलते. पुढचं चाक उचलताना हँडब्रेक ओढलेला असतो. मागचं चाक फिरवून बघायचं तर हँडब्रेक सोडावा लागतो. म्हणजे गाडीला धरून ठेवणारी एक गोष्ट तुम्ही स्वतःच काढून घेता! म्हणून सपाट जागा, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे, पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर पहिला गिअर, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड. मागच्या चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर चाक फिरायला न्यूट्रल लागणार, म्हणजे सगळी मदार ठोकळ्यांवरच. स्टँड नसेल तर हा भाग गॅरेजवर सोडा.

चाक वर आलं की वरून आणि खालून धरा, एक हात आत ढकला, दुसरा बाहेर ओढा. हलकासा कट-कट प्ले (सैलपणा) हाताला जाणवला तर बेअरिंगचा विचार करा. मग चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खरखरत असेल तर कानाआधी बोटांना कळतं, स्प्रिंगमधून बारीक थरथर येते. पण उलटं खरं नाही. जॅकवर काही जाणवलं नाही म्हणून बेअरिंग ठणठणीत, असं समजू नका, कारण हवेत त्याच्यावर वजनच नसतं. बदलायची वेळ आलीच तर एक गोष्ट. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका कडेला चुंबकीय पट्टी असते आणि ती बाजू सेन्सरकडेच यायला हवी. उलटं ठोकलं की आवाज जातो आणि एबीएसचा दिवा लागतो.

ड्रम उघडताना हातोडीचे दणके घालू नका. हँडब्रेक सैल, ॲडजस्टर (शू ड्रमच्या जवळ आणणारा स्क्रू) थोडा मागे, तरी येत नसेल तर बऱ्याच ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यात मापाचे बोल्ट घाला आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळा, ड्रम स्वतःहून पुढे सरकतो. आतली काळी भुकटी फुंकायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर मारून ओलं करून पुसा.

आत काय बघायचं? रिव्हेटवाले लायनर असतील तर रिव्हेटची डोकी नव्या नाण्यासारखी चमकतायत का, आणि ड्रमच्या आत त्याच जागी गोल चरे पडलेत का. जोडी जुळली की खरखरीचा उगम सापडला. तुटलेली स्प्रिंग आत लोळतेय का बघा, तिचा आवाज कधी येतो, कधी नाही, आणि माणसाला वेड लावतो. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास आणि डिस्कवर कमीत कमी जाडी बहुधा कोरलेलीच असते. त्यापलीकडे गेलं असेल तर घासून काम भागवायचं नाही, बदलायचं. आणि कृपा करून, ब्रेक करकरतो म्हणून गंज काढायचा स्प्रे आत मारू नका! तेल लागलेलं लायनर आवाज करत नाही, खरंय. ते गाडीही थांबवत नाही.

दोन विचित्र पाहुणे राहिले. एक, डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये अडकलेला खडा. कच्च्या रस्त्यावरून आलात आणि अचानक कानठळ्या बसवणारी किंचाळी सुरू झाली, तर आधी थोडं मागे-पुढे करून बघा, बऱ्याचदा पडतो. पत्रा वाकून घासत असेल तर डिस्क थंड झाल्यावर स्क्रूड्रायव्हरने हलकेच बाहेर सारा. दुसरा, गाडी थांबता-थांबता, शेवटच्या 5-10 च्या वेगात गुर्रर्र आणि पेडल पायाखाली थरथरतं. हे घासणं नाही, एबीएस उगाच जागं होतंय. चाकाचा सेन्सर, त्याची रिंग किंवा तिथला गंज तपासा.

सगळ्यात जास्त लाइक मिळालेला प्रश्न, "असंच किती दिवस चालवू?" टायरची घूंऽऽ असेल आणि नक्षी शिल्लक असेल तर घाई नाही. बेअरिंग घरघरतंय पण प्ले नाही, तर लांबचा प्रवास रद्द आणि थेट गॅरेज. चाकाला प्ले आहे, किंवा ब्रेकमध्ये लोखंडावर लोखंड आहे, किंवा एकाच चाकाजवळ हात नेल्यावर भट्टीची धग लागतेय, तर गाडी हलवायची नाही. चारही चाकं वर घेणारी टोइंगची गाडी बोलवा, आणि त्या माणसाला आधीच सांगा कुठलं चाक अडतंय.