कानाला ब्लूटूथ, तोंडाला दुसरा माइक

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर तीन गोष्टी छापल्या आहेत: ब्लूटूथ हेडफोन किंवा स्पीकर संगणकाला जोडायचा कसा, आवाज का तुटतो, आणि तो चित्राच्या मागे का राहतो. तिन्ही सांगणार आहे. पण मला मनापासून बोलायचंय ते चौथ्याच गोष्टीवर, त्यामुळे जोडणीचं आधी उरकून घेऊ.

हेडफोन चालू करणं वेगळं आणि पेअरिंगला, म्हणजे नव्या यंत्राशी जोडी जमवायला, लावणं वेगळं. नुसता चालू केला की तो ओळखीच्या यंत्राला, म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या फोनला, जाऊन चिकटतो आणि संगणकाच्या यादीत येतच नाही. म्हणून पहिलं काम, फोनचं ब्लूटूथ बंद करा. मग हेडफोन बंद करून पॉवरचं बटण पाच ते सात सेकंद दाबून धरा. बहुतेक हेडफोनवर लाल-निळा दिवा आळीपाळीने लुकलुकायला लागतो, तेव्हा सोडा. डबीतले इअरबड असतील आणि डबीवर बटण असेल, तर झाकण उघडं ठेवून ते दाबून धरायचं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, तिथे ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, मग ‘अ‍ॅड डिव्हाइस’. नाव दिसलं की क्लिक करा, झालं. कालपर्यंत चालणारा हेडफोन आज नाव दाखवतो पण जुळत नाही, असं झालं तर संगणकावरून तो ‘रिमूव्ह’ करून नव्याने जोडा. पहिल्या जोडणीच्या वेळी दोघं मिळून एक किल्ली ठरवतात आणि आपापल्याकडे जपतात. हेडफोन रिसेट झाला की त्याच्याकडची पुसली जाते, संगणक मात्र जुनीच लावून बघत राहतो.

आता माझा विषय. हेडफोनवर गाणं छान चाललंय. मीटिंग सुरू होते, आणि त्याच क्षणी आवाज डब्यात बोलल्यासारखा होतो. मीटिंग संपली की पुन्हा छान. कोणाकोणाला हा अनुभव आहे? बघा, हात खाली यायला तयार नाहीत! आणि यातल्या कितीतरी जणांनी हेडफोन बिघडला म्हणून तो बदलूनही आणला असेल. हेडफोन बिघडलेला नव्हता. दुकानदार हे सांगत नाही, खोक्यावर छापलेलं नसतं, संगणकही काही बोलत नाही, आणि लोकांचे पैसे जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

होतं काय, ते नीट बघू. आपण नेहमी वापरतो त्या ब्लूटूथमध्ये आवाज नेण्याच्या दोन पद्धती आहेत. एक ए२डीपी. ही फक्त गाणं ऐकण्यासाठी, दोन्ही कानांना वेगवेगळा आवाज, पण एकाच दिशेने, संगणकाकडून कानाकडे. साधा एसबीसी कोडेक, म्हणजे पाठवण्यासाठी आवाज आवळून लहान करण्याची नेहमीची रीत, चांगल्या दर्जावर असला तर सेकंदाला साधारण ३२८ किलोबिट माहिती जाते. दुसरी पद्धत हँड्स-फ्री, फोनवर बोलण्यासाठी बनवलेली. तिच्यात आवाज दोन्ही दिशांनी जातो, पण प्रत्येक दिशेला ६४ किलोबिटच मिळतात, आणि कानात येणारा आवाज मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच, होतो. दोन्ही पद्धती एकाच वेळी चालत नाहीत. कुठल्याही प्रोग्रामने हेडफोनचा माइक मागितला की संगणक मुकाट्याने पहिली सोडून दुसरी धरतो.

जुन्या हँड्स-फ्रीमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात. नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतचीच कंपनं पकडता येतात, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या (सेकंदाला ४,००० कंपनांच्या) वरचं काहीच पोचत नाही. आपल्या ‘स’चा बराचसा जोर त्याच्याही वर असतो, म्हणून ‘स’ आणि ‘फ’ सारखेच ऐकू येतात, आणि नावं, आडनावं दोनदा विचारावी लागतात. नव्या प्रकारात १६,००० नमुने घेतात, बोलणं बरंच स्वच्छ होतं, पण मोनो ते मोनोच.

जाता जाता, ऑनलाइन गाणं शिकणाऱ्यांसाठी. इथले गुरुजी आणि तिकडे परदेशात विद्यार्थी, असे वर्ग आता कितीतरी चालतात. विद्यार्थी म्हणतो तानपुरा ऐकूच येत नाही. तिथे दोन चोर आहेत. पहिला हा हँड्स-फ्री, जवारीतले, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांच्या झंकारातले, वरचे स्वर तो कापून टाकतो. दुसरा मीटिंगच्या प्रोग्राममधला गोंगाट कमी करणारा भाग. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा, असं समजून तो तानपुराच पुसतो! झूमवर शिकवणार असाल तर गुरुजींच्या बाजूने ऑडिओच्या सेटिंग्जमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा. नुसता हेडफोन बदलून यातलं काहीच सुधारणार नाही.

उपाय फुकट आहे. ऐकायला ब्लूटूथ, बोलायला दुसरा माइक. लॅपटॉपला स्वतःचा माइक असतोच, तो वापरा. झूममध्ये म्यूटच्या बटणाशेजारी छोटा बाण आहे, तो दाबला की माइकची यादी उघडते. हेडफोनच्या नावाऐवजी लॅपटॉपचा माइक निवडा. गूगल मीटमध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, ऑडिओ. प्रत्येक वेळी हे करायचा कंटाळा येणार, म्हणून विंडोज ११ मध्ये कायमची सोय करून टाका: सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, इनपुटखाली हेडफोनचा माइक उघडा आणि ‘डोंट अलाउ’ दाबा. विंडोज १० मध्ये एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात, शेवटी ‘स्टीरिओ’ असलेलं आणि ‘हँड्स-फ्री’ असलेलं. स्टीरिओवालं निवडा. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये साउंड, इनपुट, आणि मॅकबुकचा मायक्रोफोन. डेस्कटॉपला माइक नसतो, तिथे वेबकॅममधला चालेल किंवा साधा यूएसबी माइक घ्या.

मीटिंग नसतानाही आवाज डब्यातला येत असेल तर खाली टास्कबारवर माइकचं चित्र दिसतंय का बघा. दिसलं तर त्यावर माउस न्या, कोणता प्रोग्राम माइक धरून बसलाय त्याचं नाव येतं. ब्राउझरचा विसरलेला एखादा टॅबही पुरतो.

चिठ्ठी आली, सात मिनिटं राहिली. तुटणारा आवाज, भरभर सांगतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, तिथेच वायफायही असतं. शक्य असेल तर संगणकाचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. डेस्कटॉपच्या मदरबोर्डला वायफाय-ब्लूटूथ असेल तर खोक्यात दोन अँटेना येतात. त्या मागे स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या असतात, आणि फार ठिकाणी त्या खोक्यातच राहतात. अँटेनाशिवाय हेडफोन जुळतो, पण खुर्चीवरून उठलात की तुटतो. डोंगल, म्हणजे ब्लूटूथसाठी यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा, वापरत असाल तर तो यूएसबी ३च्या निळ्या पोर्टात, पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कशेजारी, लावू नका. यूएसबी ३च्या वायरीतून निघणारा गोंगाट नेमका याच पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ मध्येच ते मोजमापांसह छापलंय. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डोंगल टेबलावर, समोर दिसेल असा ठेवा. कॅबिनेटच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, कधीच नाही.

उशीर. एसबीसीवर साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. यूट्यूबसारख्या ठिकाणी चित्रही तेवढंच थांबवून मेळ घातला जातो. व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ओठ आधी हलत असतील तर कीबोर्डवरचं ‘जे’ दाबा, दर वेळी आवाज ५० मिलिसेकंद पुढे येतो. जास्त झालं तर ‘के’. पण संगणकावर की-बोर्ड हे वाद्य वाजवायचं असेल, गाणं ध्वनिमुद्रित करायचं असेल, तर ब्लूटूथचा नादच सोडा, वायरचा हेडफोन लावा. गेमसाठी स्वतःचा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल सोबत असलेला हेडसेट घ्या. तो ब्लूटूथ नसतो, म्हणून त्यात उशीर फार कमी.

स्पीकरचं एवढंच, जोडणी अगदी तशीच. मीटिंगला मात्र तो माइकपासून लांब ठेवा, नाहीतर समोरच्याला स्वतःचंच बोलणं परत ऐकू येतं.

शेवटचं, बरेच जण विचारणार म्हणून. एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत आलीय, तिच्यात माइक चालू असतानाही आवाज चांगला राहू शकतो. पण ती हेडफोन आणि संगणक दोघांतही असावी लागते, आणि खोक्यावर ब्लूटूथ ५.२ किंवा ५.३ छापलेलं आहे म्हणजे ती आहे असं होत नाही. विंडोज ११ मध्ये ब्लूटूथच्या डिव्हायसेसच्या पानावर ‘यूज एलई ऑडिओ व्हेन अव्हेलेबल’ असं बटण दिसतंय का, ते आधी बघा. दिसत नसेल तर या कारणासाठी नवा हेडफोन घेऊ नका, लॅपटॉपचा माइक निवडून काम भागवा.