खिशात हात न घालता लास वेगास

(रात्र. तळ्याचा कठडा. माणसांच्या पाठी.)

कठड्याला टेकलेली ती आमची आत्या. सुती साडी, पायात भाच्याचे स्पोर्ट्स शूज, पर्समध्ये इंदूरची लवंगेची शेव. निघतानाच तिने बजावलं होतं, ‘जुगाराला एक डॉलर द्यायचा नाही, आणि तिकिटालाही नाही.’ हा व्हिडिओ तिच्या अटीवर काढलाय. कॅसिनोच्या आतलं यात काही दिसणार नाही, तिथे आम्ही कॅमेरा बंदच ठेवला.

(पहिला फवारा.)

बेलाजिओ हॉटेलचं हे तळं साधारण साडेआठ एकरांचं. कारंजी १९९८ सालापासूनची. संध्याकाळी सातनंतर दर पंधरा मिनिटांनी सुरू होतात. हे कमरेत वाकल्यासारखे डोलणारे फवारे बघा. त्यांच्या नोझलना इथे ‘ओअर्समन’, म्हणजे वल्हेकरी म्हणतात. यंत्रमानवासारखी ती चहूकडे फिरतात. सरळ वर जाणाऱ्या फवाऱ्यांचं तंत्र वेगळं. नळीत पाणी भरायचं आणि खालून दाबलेली हवा एकदम सोडायची. म्हणून तो तोफेसारखा धडाका. सगळ्यात उंच धार १४० मीटरपर्यंत जाते, म्हणजे कुतुबमिनारच्या दुपटीला जराशी कमी. बाराशेच्या वर नोझल, साडेचार हजारांच्या वर दिवे.

आत्याने मात्र विचारलं, ‘वाळवंटात एवढं पाणी आणलं कुठून?’

जिच्या इंदूरच्या घरी नर्मदेचं पाणी जलूदहून पंपाने डोंगर चढून येतं, ती हेच विचारणार. उत्तर जमिनीखाली आहे. या जागी पूर्वी ड्यून्स नावाचं हॉटेल होतं. त्याच्या गोल्फच्या हिरवळीसाठी विहीर खणलेली होती. १९९३ मध्ये सुरुंग लावून ते हॉटेल पाडलं. तेही लोकांनी रस्त्यावर गर्दी करून फुकटच पाहिलं! हॉटेल गेलं, हिरवळ गेली, विहिरीचं पाणी राहिलं. तेच या तळ्यात येतं. बाकी शहराची तहान मुख्यतः कोलोरॅडो नदीवर, आणि त्या नदीवरच्या धरणाचा जलाशय गेली वीसेक वर्षं आटत चाललाय.

(आत्याच्या चष्म्यावरचे थेंब, जवळून.)

चार मिनिटांत खेळ संपला. आत्या म्हणाली, ‘बस? आपली झांकी रात्रभर चालते.’

ज्यांनी अनंत चतुर्दशीचं इंदूर पाहिलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार या कापडगिरण्यांचे कामगार हलणाऱ्या बाहुल्यांचे, दिव्यांचे देखावे गाड्यांवर मिरवतात. शंभर वर्षांची रीत. गिरण्या कधीच बंद पडल्या, झांकी निघतेच. तिथे तुम्हाला आत बोलवायला कुणाचं दुकान नसतं. इथे असतं.

(काचेची फुलं. कॅमेरा वर.)

त्याच बेलाजिओ हॉटेलच्या छताला काचशिल्पकार डेल चिहुली यांनी केलेली सुमारे दोन हजार काचेची फुलं आहेत. पुढे खऱ्या फुलांची बाग, वर्षातून पाच वेळा बदलणारी. दोन्ही फुकट. पण रस्त्यावरून तिथवर पोचायचं तर वाटेत स्लॉट मशीनच्या रांगा लागतात. आत्या पदर सावरून, नाकासमोर बघत चालली. रस्त्यापलीकडे फ्लेमिंगो हॉटेलच्या अंगणात खरे रोहित पक्षी आहेत. तिथे तिने आधी कचरापेटी शोधली. इंदूरचं माणूस, दुसरं काय.

(फोनवरची जुनी क्लिप : ज्वालामुखी.)

हा मिराज हॉटेलचा ज्वालामुखी. १९८९ पासून रस्त्यावर आग ओकत होता. जुलै २०२४ मध्ये हॉटेलबरोबर तोही बंद झाला.

(फ्रेमाँट स्ट्रीट. मान वर केलेले चेहरे.)

वेगासचा मूळ बाजार हा. गिऱ्हाईक नव्या स्ट्रिपकडे, म्हणजे बेलाजिओसारखी हॉटेलं असलेल्या हमरस्त्याकडे वळलं, म्हणून १९९५ मध्ये जुन्या कॅसिनोवाल्यांनी रस्त्यावर छत घातलं, नव्वद फूट उंच, चार-पाच चौकांएवढं लांब. त्यावर आता ४ कोटी ९० लाखांच्या वर एलईडी दिवे आहेत. दिवस मावळला की ठरल्या वेळी छत जिवंत होतं. आत्या इथे दोन तास होती. खेळ सुरू झाला की शेव खायची थांबायची.

(पहाट. पाटी. फोटोची रांग.)

‘वेलकम टू फॅब्युलस लास वेगास’ ही स्वागताची पाटी १९५९ मधली, बेटी विलिस यांनी आखलेली. त्यांनी तिचा कॉपीराइट घेतला नाही, म्हणून ती जगभर मगांवर नि टी-शर्टांवर दिसते. गंमत म्हणजे ती लास वेगास शहराच्या हद्दीत नाहीच.

रांगेतले सगळे पुढून फोटो काढून निघून जातात. आत्या मागे गेली. मागच्या बाजूला लिहिलंय : गाडी जपून चालवा, लवकर परत या.

(आत्या वाचते आहे. पार्श्वसंगीत नको, फक्त रस्त्याचा आवाज.)